कोणते पुस्तक कागदावर, कोणते स्क्रीनवर : सत्र सुरू होण्याआधी करायची विभागणी

सत्राच्या पुस्तकांची यादी हातात पडली की बहुतेक जण दोनपैकी एका टोकाला जातात. एकतर सगळी पुस्तके छापील घेतात आणि निम्मी कपाटात कोरीच राहतात. नाहीतर सगळ्यांच्या पीडीएफ एका फोल्डरात जमा करतात आणि परीक्षेच्या तोंडावर त्यातल्या शंभरेक पानांचे प्रिंट काढायला धावतात. दोन्हीकडे एक गोष्ट राहून गेलेली असते : हे पुस्तक उघडून मी नेमके काय करणार, हे आधी ठरवलेले नसते. पुढच्या पायऱ्या त्याच प्रश्नावरून आखल्या आहेत. काम दोन संध्याकाळींचे आहे. ते सत्र सुरू होण्याआधीच उरका, कारण मध्येच माध्यम बदलले की अर्ध्या टिपा समासात आणि अर्ध्या मोबाइलमध्ये अडकतात.

पायरी १ : यादीपुढे काम लिहा

पुस्तकांची नावे एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने करा : आठवड्यातून किती वेळा उघडावे लागेल, पानावर काय असते आणि उघडून काय करायचे. तिसऱ्या रकान्यात बहुतेक चार कामांपैकी एक येते. सलग वाचून समजून घेणे, उदाहरणे सोडवणे, एखादी गोष्ट शोधणे, किंवा जाता-येता उजळणी.

सलग वाचून समजून घ्यायचे असेल तर कागद घ्या. हा जुन्या सवयीचा हट्ट नाही. २०१८ साली ५४ अभ्यासांचे निकाल एकत्र करून तपासले गेले. त्यांत मिळून १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन थोडे सरस निघाले, आणि वेळेची मर्यादा घातली की हा फरक वाढला. गोष्टीरूप मजकुरात मात्र तो दिसला नाही. म्हणजे कादंबरी स्क्रीनवर खुशाल वाचा. अर्थशास्त्राचे प्रकरण दोनदा विचार करून. स्क्रीनवर डोळा ओळींवरून घसरत जातो आणि वाचणाऱ्याला वाटते की समजले. पुस्तक मिटून लिहायला बसल्यावर खरे कळते.

उदाहरणे सोडवायची असतील तर पुन्हा कागदच, पण कारण वेगळे. प्रश्न ११८व्या पानावर, आकृती ११२व्या पानावर आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटी असते. छापील पुस्तकात एक बोट आकृतीपाशी, दुसरे उत्तरापाशी ठेवून काम चालते. स्क्रीनवर तीच ये-जा दर उदाहरणाला पाच-सहा वेळा सरकवून करावी लागते आणि प्रत्येक वेळी मनात धरलेली एखादी किंमत निसटते.

शोधण्याचे काम, म्हणजे शब्दकोश, कायद्याची कलमे, जाडजूड संदर्भग्रंथ : डिजिटल. इथे वाद घालण्यात अर्थ नाही.

उजळणी दोन्हीकडे चालते. ज्यांना रोज तासभर प्रवास करावा लागतो त्यांनी उजळणीच्या टिपा मोबाइलमध्ये आणि मूळ पुस्तक घरी ठेवावे. ओझ्याचा हिशेबही करून बघा. ८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या, ए४ कागदाचे एक ताव ५ ग्रॅमचे असते. ४०० पानांचे ए४ आकाराचे पुस्तक म्हणजे २०० तावे, म्हणजे मुखपृष्ठ सोडून एक किलो. अशी तीन पुस्तके रोज पाठीवर नेण्यापेक्षा त्या दिवशीचे प्रकरण फोनमध्ये नेणे शहाणपणाचे.

पायरी २ : फाइल कोणत्या जातीची आहे ते बघा

डिजिटल म्हटले की सगळ्या फाइली सारख्याच, असे नवख्यांना वाटते. तसे नाही.

पीडीएफ १९९३ साली आले ते पान कुठल्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे म्हणून. त्यामुळे ते पान छोट्या स्क्रीनवर स्वतःला जुळवून घेत नाही, फक्त आक्रसते. ईपब या ई-पुस्तकांच्या दुसऱ्या फाइल-प्रकाराचे उलट आहे. त्यात मजकूर स्क्रीनच्या रुंदीनुसार वाहतो, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, पण पानाची मूळ मांडणी मोडते. रुंद तक्ता अर्धा कापला जातो, आकृती एका स्क्रीनवर आणि तिचे स्पष्टीकरण पुढच्या स्क्रीनवर जाते. कथा, इतिहास, समाजशास्त्र ईपबमध्ये सुखाने वाचता येते. गणित, रसायन, हिशेबशास्त्र यांना पीडीएफच बरे, आणि तेही मोठ्या स्क्रीनवर.

किती मोठ्या? ए४ पान २१० मिलिमीटर रुंद असते. दहा इंची टॅबलेटवर ते मूळच्या दोन-तृतीयांश ते पाऊण आकाराचे होते, म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर ८-९ पॉइंटचे. वाचता येते. साडेसहा इंची मोबाइल उभा धरला तर तेच पान एक-तृतीयांशावर येते आणि अक्षर ४ पॉइंटच्या आसपास. घातांक आणि पादांक तर दिसतच नाहीत; x चा वर्ग की घन हे अंदाजाने ठरवावे लागते आणि अख्खे उदाहरण चुकते. मोबाइल आडवा केला की अक्षर वाचण्याजोगे होते, पण एका वेळी पानाचा जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो. दोन रकान्यांचे पान असेल तर आधी खाली, मग पुन्हा वर, मग उजवीकडे अशी कसरत चालते. समीकरणे आणि आकृत्या असलेली पीडीएफ मोबाइलवर अभ्यासाला घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टॅबलेटवर एक सोपी युक्ती आहे. बऱ्याच वाचन-अ‍ॅपमध्ये समास कापण्याची सोय असते. दोन्ही बाजूंचे २५-२५ मिलिमीटर कापले की उरते १६० मिलिमीटर, आणि अक्षर सुमारे तीस टक्के मोठे दिसते. चष्म्याचा नंबर बदलायच्या आधी हे करून बघा.

आता मराठी पीडीएफची चाचणी. ही चुकवू नका. फाइलमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोंदवहीच्या अ‍ॅपमध्ये पेस्ट करा. तीनपैकी एक प्रकार होईल.

ओळ जशीच्या तशी उतरली, तर फाइल चांगली. शब्द शोधता येतील.

रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गिचमिड काला उतरला, तर फाइल युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये केलेली आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमधल्या फाइली अशा असतात. डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला दिसत नाही.

तिसरा प्रकार फसवा. ओळ जवळजवळ बरोबर उतरते, पण वेलांट्या हललेल्या असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर साठवली जाते. काही पीडीएफमध्ये ती दिसते त्याच क्रमाने निघते. मग 'स्थिती' हा शब्द फाइलच्या पोटात 'िस्थती' असा पडलेला असतो. तुम्ही 'स्थिती' शोधता, यंत्र सांगते की सापडला नाही, आणि तुम्हाला वाटते की पुस्तकात तो विषयच नाही. अशा फाइलीत वेलांटी आणि जोडाक्षर नसलेला शब्द शोधावा : 'परिस्थिती' सापडत नसेल तर त्याच परिच्छेदातला 'बाजार' किंवा 'दर' टाकून बघावा.

ओळ निवडताच येत नसेल तर पाने नुसती फोटो आहेत. त्यांवर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याची क्रिया, चालवता येते. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखते, पण रफार, जोडाक्षरे आणि आकडे यांत चुका राहतात. शोधण्यापुरता तो मजकूर वापरा, उतरवून घेण्यासाठी नको.

पायरी ३ : आवृत्ती आणि पान क्रमांक जुळवा

वर्गात 'पान ११८ उघडा' म्हटले जाते आणि स्क्रीनवाल्यांचे भलतेच पान उघडते. याची दोन कारणे.

पहिले, आवृत्ती वेगळी. हे आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकावरून, तपासायला जाऊ नका. पुठ्ठा बांधणी, साधी बांधणी आणि ई-पुस्तक यांना एकाच मजकुरासाठीही वेगवेगळे १३ अंकी क्रमांक दिले जातात. मुखपृष्ठामागच्या पानावरचा आवृत्तीचा आकडा आणि वर्ष बघा, मग अनुक्रमणिकेतली शेवटची तीन प्रकरणे ताडून पाहा. प्रकरण वाढवले किंवा गाळले असेल तर ते बहुधा तिथेच कळते. उदाहरणांचे क्रमांक मात्र आतल्या आत बदललेले असतात, म्हणून एका स्वाध्यायाचे पहिले आणि शेवटचे उदाहरणही जुळवा.

दुसरे कारण साधे आहे. पीडीएफ मुखपृष्ठापासून पाने मोजते. छापील क्रमांक प्रस्तावना संपल्यावर सुरू होतात. सुरुवातीची १६ पाने असतील तर छापील ११८ म्हणजे फाइलमधले १३४. फरक एकदा काढा आणि फाइलच्या नावातच लिहून ठेवा : 'भौतिकशास्त्र_आवृत्ती३_अधिक१६'. वर्षभर डोकेफोड वाचते. ईपबमध्ये स्थिर पान नसते. तिथे प्रकरण, उपशीर्षक आणि परिच्छेद कितवा, असाच संदर्भ द्यावा लागतो. प्रकल्पात पान क्रमांक देणे सक्तीचे असेल तर ईपबच्या भरवशावर राहू नका.

पायरी ४ : एका प्रकरणाची परीक्षा घ्या

यादी कागदावर झाली. आता स्वतःवर तपासा. एकाच पुस्तकातली सारख्या अवघडपणाची दोन उपप्रकरणे निवडा, प्रत्येकी आठ-दहा पानांची. एक कागदावर, एक स्क्रीनवर वाचा. वेळ लावा. संपल्यावर मिटून ठेवा आणि आठवेल तेवढे न बघता पाच मिनिटांत लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटे लिहा आणि मग पुस्तकाशी ताडून बघा.

स्क्रीनवर वेळ कमी लागला आणि दुसऱ्या दिवशी मुद्देही कमी आठवले, तर तुम्ही चाळता आहात. यावर उपाय आहे : प्रत्येक दोन पानांनंतर थांबून वहीत एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहायची. तेवढ्याने वेग आपोआप पडतो. दोन्हीकडे सारखेच आठवत असेल तर निःशंक डिजिटल घ्या आणि ओझे वाचवा. कुणाच्या सांगण्यापेक्षा ही चाचणी जास्त विश्वासाची.

पायरी ५ : स्क्रीन लावून घ्या

डोळे दुखतात त्याचा दोष लोक निळ्या प्रकाशाला देतात. खरे मोठे कारण असे की स्क्रीनकडे बघताना पापण्या फार कमी वेळा मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. शिवाय जवळचे बघून बघून स्नायू शिणतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद, साधारण २० फुटांवरच्या वस्तूकडे बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. टॅबलेट ४० सेंटिमीटरच्या आसपास धरा. लहान अक्षरांपायी तो नाकाशी येऊ लागला की अक्षर मोठे करायची वेळ झाली.

ब्राइटनेस ठरवायचा असेल तर पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर कमी करा, करडी दिसत असेल तर वाढवा. उजेडाच्या खोलीत पांढऱ्यावर काळे अक्षरच स्पष्ट वाचता येते. डार्क मोड अंधाऱ्या खोलीपुरता ठेवा, आणि आकृत्यांच्या पुस्तकात तेवढाही नको : काही अ‍ॅप सगळेच रंग उलटवतात, मग नकाशातला समुद्र नारिंगी होतो.

झोपण्याआधीचे वाचन कागदावर असावे. प्रकाश फेकणाऱ्या वाचनयंत्रावर झोपेआधी चार तास वाचणाऱ्यांना झोप लागायला सरासरी सुमारे दहा मिनिटे जास्त लागली, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. त्यात १२च जण होते आणि फरकही फार मोठा नाही, पण परीक्षेच्या काळात दहा मिनिटेही कशाला घालवा?

ई-इंकचे वाचनयंत्र डोळ्यांना कागदाच्या सर्वांत जवळचे, कारण ते कागदासारखे बाहेरच्या उजेडावर दिसते. पण पान उलटायला क्षणभर लागतो आणि पुढे-मागे चाळणे कंटाळवाणे होते. ईपब सलग वाचायला उत्तम. स्वाध्यायाच्या पुस्तकाला आणि सहा इंची यंत्रावर ए४ पीडीएफला निरुपयोगी.

सूचना बंद करायला विसरू नका. पुस्तके आधीच उतरवून घ्या आणि अभ्यासाला बसताना एअरप्लेन मोड लावा.

पायरी ६ : टिपा कुठे राहतात ते आधी बघा

समासातली पेन्सिलीची टीप पुस्तकाबरोबरच राहते. डिजिटल टिपेचा ठावठिकाणा वेगळा असतो : काही अ‍ॅप ती पीडीएफच्या आतच साठवतात, काही स्वतःकडे ठेवतात. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅप काढून टाकले की सत्रभराचे हायलाइट गेले. तपासायला दोन मिनिटे लागतात. एक ओळ रंगवा, फाइल सेव्ह करा, दुसऱ्या यंत्रावर पाठवा आणि वेगळ्या अ‍ॅपमध्ये उघडा. रंग दिसला तर ठीक. नाही दिसला तर अ‍ॅप बदला, किंवा दर आठवड्याला टिपा बाहेर काढून साठवा.

रंगवण्याबद्दल एक तक्रार. स्क्रीनवर हायलाइट करायला बोट फिरवले की झाले, म्हणून पानेच्या पाने पिवळी होतात. पानाला तीन ओळींची मर्यादा घाला आणि रंगवलेल्या प्रत्येक ओळीशेजारी 'का' याचे दोन शब्द लिहा : 'व्याख्या', 'अपवाद', 'परीक्षेत आले'. हे शब्द पुढे शोधताही येतात. सगळ्या माध्यमांतल्या टिपांसाठी वही मात्र एकच ठेवा.

पायरी ७ : विकत घेतले की वापरायला मिळाले?

छापील पुस्तक घेतले की ते तुमचे. उसने द्या, वर्षअखेरीस विका. ई-पुस्तकाच्या बाबतीत बहुतेक वेळा वापराचा परवाना मिळतो आणि त्याला अटी असतात. २००९ साली अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादातून किंडल या आपल्या वाचनयंत्रासाठी विकलेली काही पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांवरून काढून घेतली. पैसे परत केले, पण एका शाळकरी मुलाने त्यात केलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. तेव्हाही पैसे परत मिळाले आणि पुस्तके गेली.

म्हणून घेण्याआधी चार गोष्टी बघा. मुदत किती, आणि ती तुमच्या शेवटच्या परीक्षेनंतर संपते का? किती यंत्रांवर उघडते? इंटरनेट नसताना उघडते का? किती पाने छापता येतात? पुढच्या वर्षीही लागणारे पायाभूत पुस्तक मुदतीच्या परवान्यावर घेऊ नका.

पायरी ८ : लागेल तेवढेच छापा, लागेल तेवढेच स्कॅन करा

डिजिटल पुस्तक असले तरी स्वाध्याय, सूत्रांची पाने आणि मोठे तक्ते कागदावर असावेत. ए४च्या एका बाजूला दोन पाने छापली तर प्रत्येक पान सुमारे ७१ टक्क्यांवर, म्हणजे ए५ आकाराचे होते. १२ पॉइंटचे अक्षर साडेआठ पॉइंटला चालते. १० पॉइंटचे सातवर येते, ते नको. स्पायरल बाइंडिंग करायचे असेल तर त्या बाजूला २० मिलिमीटर समास सोडा, नाहीतर भोके ओळींच्या सुरुवातीवर पडतात. दोन्ही बाजूंना छापताना आधी चार पानांचा नमुना काढा. मागची बाजू उलटी येणे ही नेहमीची चूक असते, आणि ती दोनशे पाने निघाल्यावर लक्षात येते.

उलट दिशेने, छापील पान फोनमध्ये घ्यायचे तर १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो, कारण ३०० डीपीआयचे, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचे, ए४ पान ८.७ मेगापिक्सेलचेच असते. पुस्तक मध्यावर फुगते आणि शिवणीपाशी ओळी वाकतात, सावली पडते. एका वेळी एकच पान घ्या, त्यावर काच ठेवा, दिवा बाजूने येऊ द्या आणि फोन पानाला समांतर धरा. फ्लॅश लावला की गुळगुळीत कागदावर पांढरा डाग पडतो आणि नेमका सूत्रावर पडतो. हे सगळे स्वतःच्या वापरापुरते आणि काही पानांपुरते. अख्खे पुस्तक स्कॅन करून वाटणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे.

डिजिटल फाइलींच्या दोन प्रती असाव्यात, एक यंत्रात आणि एक यंत्राबाहेर. वर्गाच्या गटात आलेली फाइल 'तिथे आहेच' म्हणून सोडू नका. जुनी फाइल परत उतरत नाही, हे परीक्षेच्या आदल्या रात्रीच कळते. पुस्तक उघडून लिहायची परीक्षा असेल तर कोणते माध्यम नेऊ देतात ते महिनाभर आधी विचारा, म्हणजे छापील प्रत मिळवायला वेळ उरतो.

चौथ्या आठवड्यानंतर पहिल्या पायरीतली यादी पुन्हा काढा. जे छापील पुस्तक दोनदाही उघडले नाही ते ग्रंथालयातून घेता येते का बघा. ज्या पीडीएफचे एकच प्रकरण पुन्हा पुन्हा मोठे करून बघावे लागते, ते प्रकरण छापून घ्या, बाकी फाइल तशीच राहू द्या.